टीएमसी की क्युसेक? वॉट, एएच आणि एमबीपीएसचा घरगुती हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे: «नवीन फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर बसवला. ९०० व्हीए, बॅटरी दीडशे एएच. घरातला लोड ४०० वॉट. दुकानदार म्हणाला साडेचार तास चालेल, पण अडीच तासांत मान टाकतो. मुलाचा लेझर प्रिंटर त्यावर लावला की लगेच शिट्टी मारून बंद. ब्रॉडबँड १०० एमबीपीएसचा घेतला, फाइल मात्र ११-१२ एमबीच्या वर उतरत नाही. लॅपटॉपची डिस्क ५१२ जीबी, दाखवतो ४७६. वीस हजार एमएएचची पॉवर बँक पाच हजार एमएएचचा फोन तीनदाच भरते. सगळेच फसवतात, की मलाच हे शब्द कळत नाहीत?»

फसवणूक म्हणाल तर कुठेच नाही. इन्व्हर्टरवाल्याने खोटं सांगितलं असंही मी म्हणणार नाही. त्याने कॅल्क्युलेटरवर एक गुणाकार केला, एक भागाकार केला आणि तिथेच थांबला. दुकान टाकल्यावर पहिली दोन वर्षं मीही गिऱ्हाइकांना हाच हिशोब सांगायचो. कराडला मोटर वाइंडिंगपासून सुरुवात केली, मग इन्व्हर्टर-यूपीएस, आता सोलर, आणि या सगळ्याला पंचवीसेक वर्षं झाली. तेवढ्यात एक गोष्ट पक्की कळली. लोकांना शब्दांच्या व्याख्या नको असतात. त्यांना एवढंच हवं असतं की खोक्यावर छापलेल्या आकड्याचं करायचं काय.

त्यासाठी आमच्या भागातलं माप वापरू. पावसाळ्यात बातम्यांत रोज दोन शब्द येतात. कोयना धरणात इतके टीएमसी साठा, आणि दरवाज्यांतून इतक्या क्युसेकने विसर्ग. शाळेची पायरी न चढलेला माणूससुद्धा या दोन शब्दांची गल्लत करत नाही. टीएमसी म्हणजे किती पाणी आहे, क्युसेक म्हणजे किती वेगाने जातंय. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. ११,५७४ क्युसेकने अख्खा दिवस पाणी सोडलं की एक टीएमसी रिकामं होतं. कुणी «धरणात चाळीस हजार क्युसेक पाणी आहे» म्हणाला तर पारावरची मंडळी हसतील.

विजेच्या आणि कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण नेमकं तसंच बोलतो, आणि कुणी हसत नाही.

वॉट हा क्युसेक आहे. तुमचा गीझर २००० वॉटचा, म्हणजे चालू असताना तो या वेगाने वीज ओढतो. बिलावरचं युनिट हा टीएमसी. १००० वॉटचा वेग एक तास चालला की एक युनिट, ज्याला किलोवॉट-तास म्हणतात. गीझर अर्धा तास चालवला, एक युनिट गेलं. ९ वॉटचा एलईडी दिवा एकशे अकरा तास जाळला तेव्हा कुठे एक युनिट. वायफायचा डबा दहाच वॉटचा, पण तो दिवसरात्र चालू, म्हणून महिन्याला सात युनिटं खातो. वेग लहान असला तरी वेळ मोठा असेल तर साठा रिकामा होतोच. गळका नळ आणि टाकी, तीच गोष्ट.

इथे एक खोच आहे आणि बहुतेक घोटाळा तिच्यातून होतो. पाण्याच्या मापात मूळ शब्द साठ्याचा आहे. घनफूट हा साठा, त्याला सेकंदाने भागलं की वेग. विजेत उलटं केलेलं आहे. वॉट हा मुळातच वेग, सेकंदाला एक ज्यूल, आणि साठा सांगायचा तर त्याला तासाने गुणायचं. अँपिअर वेग, अँपिअर-तास म्हणजे एएच हा साठा. म्हणून पाण्याची सवय असलेला माणूस «किलोवॉट-तास» वाचतो आणि मनात «तासाला किलोवॉट» असं भाषांतर करतो. वर्तमानपत्रांतही «प्रतितास इतके मेगावॉट» असं छापून येतं. क्युसेकच्या पोटात «सेकंदाला» आधीच आहे, तसं वॉटच्याही आहे. त्यामुळे प्रतितास वॉट म्हणजे दर तासाला वेग किती वाढला, असा भलताच अर्थ निघतो.

कोयना प्रकल्प १९६० मेगावॉटचा आहे असं आपण म्हणतो, तो सगळी यंत्रं पूर्ण जोरात फिरली तर मिळणारा वेग. वर्षभरात किती युनिटं निघतील ते वीजनिर्मितीसाठी किती टीएमसी वाट्याला आलं त्यावर. सोलरवाल्यांचंही असंच. माझ्याकडे एक गृहस्थ महिन्याभराने भांडायला आले. ३ किलोवॉटचं पॅनल घेतलं, दहा तास ऊन असतं, मग तीस युनिटं का नाहीत, बाराच का? ३ किलोवॉट हा पॅनलचा वेग कधीचा, तर चौरस मीटरवर १००० वॉट ऊन पडतंय आणि पॅनलमधले सेल २५ अंशांवर आहेत, अशा प्रयोगशाळेतल्या स्थितीतला. सकाळी आठचं ऊन तसं नसतं. आणि एप्रिलमध्ये दुपारी बाराला ऊन असतं तेव्हा पॅनल तव्यासारखं तापलेलं असतं, त्याने उत्पादन आणखी उतरतं. आपल्याकडे किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिटं धरायची. बारा म्हणजे चोख काम चाललंय. ते पटवायला मला दोन चहा लागले.

आता तुमची बॅटरी.

दुकानदाराचा हिशोब: १५० एएच गुणिले १२ व्होल्ट, १८०० वॉट-तास. भागिले ४०० वॉट, साडेचार तास. कागदावर बरोबर. पण बॅटरी सरळ तुमच्या पंख्याला जोडलेली नाही. मध्ये इन्व्हर्टर आहे, तो बारा व्होल्टचे दोनशेतीस करताना स्वतःचं कमिशन कापतो. पंख्यापर्यंत ४०० वॉट पोचवायला बॅटरीतून साधारण ५०० निघतात. म्हणजे बेचाळीस अँपिअर. आता दीडशे एएच हा आकडा बघा. घरगुती इन्व्हर्टरच्या बॅटरीवर बारीक अक्षरात सी-२० असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, हे दीडशे एएच तेव्हाच मिळतील जेव्हा तुम्ही वीस तास लावून सावकाश काढाल, साडेसात अँपिअरने. तुम्ही काढताय बेचाळीसने.

शिसं-आम्लाच्या बॅटरीचा स्वभाव असा की तिला हिसका दिला की ती हात आखडते. प्लेटजवळचं आम्ल संपतं आणि लांबचं तिथे पोचायच्या आधीच व्होल्टेज उतरतं. जर्मनीत पॉइकर्ट नावाच्या माणसाने १८९७ सालीच याचं सूत्र मांडलं. त्या सूत्रात तुमचे आकडे घातले तर अडीच तासांच्या आसपास उत्तर येतं. म्हणजे तुमची बॅटरी नवीकोरी, धडधाकट आहे. परत न्यायची गरज नाही. लोड निम्मा केलात तर वेळ दुपटीपेक्षा जास्त वाढेल. हे कुणी सांगत नाही, पण करून बघा: दोन पंखे बंद करा आणि घड्याळ लावा.

सोलरसाठी विकतात त्या बॅटरीवर सी-१० असतं. दहा तासांत रिकामी करून मोजलेले दीडशे एएच, म्हणजे प्रत्यक्षात जास्त दमाची बॅटरी. किमतीत फरक असतो तो यामुळेही. दोन्हींवर «१५०» मोठ्या अक्षरात आणि सी-चा आकडा मुंगीएवढा.

प्रिंटरची गोष्ट वेगळी, ती वेगाचीच आहे. ९०० व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर. लोक व्हीए म्हणजे वॉटच समजतात, कारण शाळेत व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट असंच शिकवलेलं असतं. एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेत ते खरं आहे. पण घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे होते. तिच्यावर पंख्याची मोटर लावली की प्रत्येक हेलकाव्यात मोटर थोडी वीज घेते आणि त्यातली काही परत करते.

भाजीवाली टोपली भरून तुमच्या गल्लीत येते. तीस किलो आणते, चोवीस विकते, सहा परत नेते. तुमच्या स्वयंपाकघरात चोवीसच आली, पण तिच्या डोक्यावर तीसचा भार होता. टोपली तीसची लागते, डोकं तीसचं लागतं. तीस म्हणजे व्हीए, चोवीस म्हणजे वॉट, आणि चोवीस भागिले तीस, म्हणजे ०.८, हा पॉवर फॅक्टर. वायर, ट्रान्सफॉर्मर, इन्व्हर्टर हे सगळे टोपली वाहणारे, म्हणून त्यांची ताकद व्हीएमध्ये सांगतात. दिवा, पंखा, शेगडी हे भाजी खाणारे, त्यांचं वॉटमध्ये. घरगुती इन्व्हर्टरला ०.८ धरलं तर तुमच्या ९०० व्हीएमधून ७०० ते ७२० वॉट मिळतील. त्यात ४०० आधीच खर्ची पडलेत.

आणि लेझर प्रिंटर? त्याच्या आत शाईची पूड वितळवून कागदावर चिकटवणारा गरम रोलर असतो. तो तापताना काही क्षण सात-आठशे, कधी हजार वॉटपर्यंत ओढतो. प्रिंटरवर छापलेली सरासरी खपत वाचून त्याचा अंदाज येत नाही. मी स्वतः या खड्ड्यात पडलोय. एका पतसंस्थेत ६०० व्हीएचा यूपीएस दिला, कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही त्यावर. पहिली पावती छापायला घेतली आणि कॉम्प्युटरसकट सगळं बंद, समोर खातेदारांची रांग. नंतर यूपीएस उलटा करून मागची पट्टी वाचली: ६०० व्हीए, ३६० वॉट. छोट्या यूपीएसवर हे प्रमाण साठ टक्क्यांपर्यंत खाली असतं. तेव्हापासून कुठलंही यंत्र घेताना मी पुढचं नाव बघत नाही, मागची पट्टी बघतो.

वेग आणि साठ्याच्या जोडीला तिसरी गोष्ट आहे ती दाबाची, आणि तिच्याशिवाय पॉवर बँक समजणार नाही. कोयनेचं पाणी दोन बाजूंनी वीज देतं. पश्चिमेला बोगद्यातून जाऊन सह्याद्रीचा कडा उतरून पोफळीला पडतं. पूर्वेला धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून नदीत सुटतं, तिथे पडझड फक्त धरणाच्या उंचीएवढी. तेच एक टीएमसी, पण पोफळीला कितीतरी पट वीज देतं, कारण उंची जास्त. पाणी किती एवढं सांगून वीज किती ते कळत नाही. पडणार किती उंचीवरून, तेही लागतं.

विजेत ती उंची म्हणजे व्होल्ट. एएच म्हणजे नुसतं पाणी. तुमची पॉवर बँक वीस हजार एमएएच, म्हणजे २० एएच. इन्व्हर्टरची बॅटरी १५०. दोन आकडे शेजारी ठेवले तर वाटतं, अशा साडेसात पॉवर बँका म्हणजे एक इन्व्हर्टर. पण पॉवर बँकेच्या आतल्या सेलची उंची ३.७ व्होल्ट. वीस गुणिले ३.७, चौऱ्याहत्तर वॉट-तास. बॅटरीत अठराशे. चोवीसपट फरक.

आता फोनकडे. फोनमधली पाच हजार एमएएच ३.८५ व्होल्टच्या आसपास, म्हणजे एकोणीस वॉट-तास. चौऱ्याहत्तर भागिले एकोणीस पावणेचारच्या पुढे जातं, मग तीनच का? ३.७ चे पाच व्होल्ट करायचे, ते केबलमधून न्यायचे, फोनच्या आत परत खाली आणायचे. प्रत्येक नाक्यावर टोल. तीनदा भरतेय म्हणजे पॉवर बँक इमानदार आहे. मागे बारीक अक्षरात «रेटेड» म्हणून बारा हजारांच्या आसपासचा आकडा सापडेल, तो पाच व्होल्टला मोजलेला आणि तोच तुमच्या कामाचा. विमानतळावर विचारतात तो वॉट-तासच. केबिन बॅगेत विनापरवानगी शंभरपर्यंत चालतं, तुमची चौऱ्याहत्तरची बिनधास्त न्या.

दाब आणि प्रवाह या जोडीबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही, जरी तुम्ही विचारलेलं नाही. आपल्या बोलीत «करंट» हा शब्द तीन कामं करतो. हात लागला की करंट बसतो, म्हणजे झटका. वायरमध्ये करंट आहे का, म्हणजे वीज आली का. आणि गावाकडे «आज करंट कमी येतोय», म्हणजे व्होल्टेज कमी आहे. पहिले दोन निरुपद्रवी. तिसऱ्याने आमच्या तालुक्यातल्या मोटरी जाळल्या. व्होल्टेज उतरलं तरी विहिरीवरच्या मोटरला पाणी तेवढंच उपसायचं असतं. दाब कमी पडला की ती भरपाईला प्रवाह जास्त ओढते. शेतकरी म्हणतो करंट कमी आहे, मोटर सावकाश चालतेय, चालू दे. प्रत्यक्षात करंट वाढलेला असतो, आतली तार तापत असते आणि वार्निश उडून वाइंडिंग जातं. पाच एचपीच्या मोटरला थ्री फेजवर साधारण सात-साडेसात अँपिअर लागतात. अँपिअर मीटरचा काटा दहावर गेला की मोटर बंद करायची, मग पाळीचं पाणी बुडो. ओव्हरलोड रिले हेच काम आपोआप करतो. पण तो सारखा ट्रिप होतो म्हणून कुणीतरी त्याचा स्क्रू फिरवून ठेवलेला असतो, आणि मोटर माझ्याकडे येते.

क्रमिक पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, रोध असे शब्द आहेत. नाकं मुरडतात लोक, पण «दाब» आणि «प्रवाह» हे साधे शब्द तरी बोलीत रुळले असते तर वरची चूक निम्मी झाली असती. दाब कमी आहे म्हटलं की पुढचा विचार आपोआप सुचतो.

एचपीसुद्धा वेगच, ७४६ वॉटचा एक. फक्त मोटरच्या पट्टीवरचा एचपी शाफ्टवर मिळणारा, ओढला जाणारा नव्हे. आणि एसीचा टन तर त्याहून मजेशीर. दीड टनाचा एसी उचलायला किती माणसं लागतील असं मला एकाने खरंच विचारलं होतं. पूर्वी गारवा म्हणजे बर्फाच्या लाद्या. अमेरिकेतला एक टन, म्हणजे आपल्या हिशोबाने ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो तो वेग म्हणजे एक टन, साडेतीन किलोवॉट. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर फेकतो, आणि ती फेकायला स्वतः दीडेक किलोवॉट वीज घेतो. घेतलेल्यापेक्षा जास्त कसं, असं वाटेल. एसी उष्णता तयार करत नाही, फक्त हमाली करतो. स्टारची पट्टी सांगते ती या हमालीचा दर.

आता कॉम्प्युटर. इथे शब्दांची रचना पाण्यासारखी सरळ आहे: मूळ शब्द साठ्याचा, त्याला सेकंदाने भागलं की वेग. बिट म्हणजे शून्य किंवा एक, माहितीचा सगळ्यात लहान कण. हे नाव जॉन टुकी यांनी सुचवलं आणि क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या निबंधातून जगभर गेलं. बाइट हे वर्नर बुखहोल्ट्झ यांनी १९५६ मध्ये आयबीएममध्ये ठेवलेलं नाव. स्पेलिंग मुद्दाम बदललं, लिहिताना बिटशी गल्लत होऊ नये म्हणून. आठ बिटांचा एक बाइट.

एवढी काळजी घेऊनही गल्लत झालीच, कारण पुढे दोन्हींचं आद्याक्षर एकच उरलं. इंग्रजीत लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट. मराठीत लिहिलं की तीही सोय जाते. आपल्या लिपीत अक्षर लहान-मोठं नसतंच, दोन्ही «एमबी». तुमची तक्रार या एका अक्षरात आहे. कंपनीने दिलेत सेकंदाला १०० मेगाबिट. ब्राउझर दाखवतो मेगाबाइट. शंभर भागिले आठ, साडेबारा. माहिती छोट्या पाकिटांतून येते, त्यात प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहिण्यात थोडी जागा जाते, राहिले साडेअकरा-बारा. तुम्हाला पूर्ण वेग मिळतोय, तोही वायफायवरून असेल तर नशीबवान आहात. मी बिलात किंवा कोटेशनमध्ये एमबी लिहीतच नाही, मेगाबिट किंवा मेगाबाइट असं पूर्ण लिहितो.

«एम»चीही तीच कथा. एमएएचमधला एम मिली, हजारावा भाग. एमबीमधला एम मेगा, दहा लाख पट. इंग्रजीत हे दोन एम आकाराने तरी वेगळे, आपल्याकडे हुबेहूब सारखे, आणि त्यांच्यात अंतर अब्जपटीचं.

ब्रॉडबँडच्या जाहिरातीत वेग आणि साठा दोन्ही असतात, तेवढं बघून घ्या. मोठ्या अक्षरात १०० मेगाबिटचा वेग, खाली महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा. तो वेग चोवीस तास चालवला तर दिवसाला १०८० जीबी होतात, म्हणजे महिन्याचा कोटा तीन दिवसांत साफ. घरी कुणी असं चालवत नाही, म्हणून कळत नाही. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग दिवसरात्र बाहेर पाठवणाऱ्या दुकानदाराला मात्र हा कोटा आधी बघावा लागतो. कॅमेरा वायफायच्या डब्याचा भाऊ, वेग लहान पण झोप नाही.

डिस्कचा हिशोब यापेक्षा निराळा आहे, तिथे वेगाचा प्रश्नच नाही. ५१२ जीबी विकणारा जीबी म्हणजे अब्ज बाइट मोजतो, म्हणजे हजार गुणिले हजार गुणिले हजार. विंडोज मोजते १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, कारण कॉम्प्युटरला दोनाच्या पटीत मोजणं सोयीचं. पाचशे बारा अब्जाला त्या मोठ्या मापाने भागलं की ४७६ येतात. बाइट एकही हरवलेला नाही. तोळा कधी दहा ग्रॅमचा तर कधी ११.६६ चा, तसं. हा घोळ मिटवायला १९९८ साली १०२४ च्या मापाला किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली, पण विंडोज अजून गिबी मोजून जीबी लिहिते. अॅपलने २००९ पासून आपल्या कॉम्प्युटरवर सरळ हजारानेच मोजायला घेतलं, म्हणून तिथे ५१२ हे ५१२ च्या आसपासच दिसतात. याहून कहर जुन्या फ्लॉपीचा. तिच्यावर १.४४ एमबी लिहायचे. ते १४४० गुणिले १०२४ होतं, एकदा हजाराने आणि एकदा १०२४ ने मोजलेलं. दोन्ही हिशोबांत चूक.

रॅम आणि स्टोरेजबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मोबाइलच्या दुकानात दोन्हींना «मेमरी» म्हणतात म्हणून एक वाक्य: लाइट गेली की जे पुसलं जातं ते रॅम, जे टिकतं ते स्टोरेज.

नवीन फ्लॅट आहे म्हणता तर बोर्डातल्या दोन शब्दांकडेही एकदा बघून घ्या. एमसीबी हा वायरचा रखवालदार आहे, तुमचा नव्हे. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाच्या वर बराच प्रवाह गेला की पडतो, म्हणजे भिंतीतली वायर जळत नाही. माणसाच्या जिवाला तीसेक मिलीअँपिअर म्हणजे धोक्याची हद्द, सोळा अँपिअरचा पाचशेवा भाग. तुम्ही चिकटून बसलात तरी एमसीबीला पत्ता लागणार नाही. त्यासाठी आरसीसीबी असतो. फेजमधून गेलेलं न्यूट्रलमधून पूर्ण परत आलं का, ते तो मोजत बसतो, आणि तीस मिलीअँपिअरची तूट दिसली की तोडतो. त्याच्यावर «टी» लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. दाबून पडला नाही तर बदलायचा. आणि अर्थिंगला अर्थ तेव्हाच, जेव्हा ती हिरवी वायर खरंच जमिनीपर्यंत गेलेली असते. गीझरच्या तीन पिनांमधली वरची पिन कुठेही जोडलेली नाही, अशी घरं मी नव्या इमारतींतही पाहिलीत. इलेक्ट्रिशियनला तुमच्या समोर अर्थ टेस्टर किंवा निदान टेस्ट लॅम्प लावून दाखवायला सांगा.

राहता राहिला तुमचा इन्व्हर्टर. बदलू नका. प्रिंटरचा प्लग काढून तो इन्व्हर्टरवर नसलेल्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर टाका. लाइट गेल्यावर छापायचंच असेल तर इंकजेट घ्या, तो वीस-तीस वॉटमध्ये भागवतो. हॉलमधले जुने ७५ वॉटचे पंखे असतील तर त्याजागी बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरचे पंखे बसवा, ते पूर्ण वेगावर तीसेक वॉट घेतात. तीन पंखे बदलले तर लोडमधून एकशेतीसच्या आसपास वॉट कमी होतील, आणि मग तुमच्या दुकानदाराचे ते साडेचार तास जवळपास खरे ठरतील. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर तेवढं दोन-तीन महिन्यांनी बघत जा, नळाचं घालू नका.